गाय नसलेली बोट

बोटीचे चाळीस पौंड घेतले, पिशवीचे काहीच नाही. घरी येऊन पिशवी उघडली तेव्हा कळलं की खरं काम पिशवीतच आहे. बोटीचं लाकडी अंग धड होतं, डोलकाठी थोडी वाकलेली होती, शिडं पिवळी पडून घडीवर डागाळली होती. आणि पिशवीत नुसता गुंता! सुती दोऱ्या, गंजलेल्या तारा, पितळी आकडे, लव्हाळ्याचे वाळके तुकडे, आणि जुन्या रबराचे काळे, तुटके मणी झालेले अवशेष.

"ठेवणार कुठे हे?" नवऱ्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. बोट जवळजवळ सव्वा मीटर लांब, आणि डोलकाठी उभी केली तर माझ्या डोक्याच्या वर जाणारी. जेवणाचं टेबल पुढचे पाच महिने बोटीनेच घेतलं. आम्ही सोफ्यावर ताटं मांडीवर घेऊन जेवलो.

आम्ही गोसपोर्टला राहतो, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर. खाडीच्या या बाजूला आमचं गाव, पलीकडे पोर्टस्मथ. गावातल्या बागेत एक मोठं, सिमेंटच्या काठाचं तळं आहे आणि ते फक्त अशा बोटींसाठी बांधलेलं आहे. १९३०च्या दशकात इथे आंतरराष्ट्रीय शर्यती होत असत. मी मूळची कराडची. समुद्र दहावीच्या सहलीत पहिल्यांदा पाहिला. त्यामुळे बोटीचं वेड माझ्यात कुठून आलं, याला उत्तर नाही. एका दुकानाच्या कोपऱ्यात ती आडवी पडलेली दिसली आणि तिची तळाकडची रेघ इतकी सुंदर होती की मला पुढे जाववेना, एवढंच.

ही खेळण्यातली बोट नव्हे, हे मला नंतर कळलं. मार्बलहेड नावाच्या वर्गातली ती शर्यतीची बोट आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या मार्बलहेड गावी १९३०च्या सुमारास या वर्गाचा नियम ठरला, आणि तो पाठ करायला सोपा आहे: लांबी ५० इंच, शिडांचं क्षेत्रफळ ८०० चौरस इंच. बाकी ज्याची त्याची अक्कल. माझी बोट कुणीतरी घरी बनवलेली आहे. फळ्या एकावर एक चिकटवून, मधून पोकळ आणि बाहेरून गोल तासलेली. आत हात घातला की फळ्यांच्या पायऱ्या बोटांना लागतात.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तिला रिमोट नाही. पाण्यात सोडली की ती तुमची राहत नाही. वारा कुठून आहे, तिने कुठे जायचं आहे, जोराचा झोत आला तर काय करायचं, हे सगळं तिला काठावरच, आधीच सांगून ठेवायचं. आणि ते सांगायची भाषा म्हणजे दोऱ्या. मी पिशवी उघडली तेव्हा हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं, दोऱ्या म्हणजे शिडं बांधायला असतात.

पहिल्या शनिवारी जुनी चादर पसरली आणि तांदूळ निवडावेत तशी पिशवी निवडायला बसले. एकूण तेवीस तुकडे निघाले. काहींना कागदी चिकटपट्टीची शेपटं होती, पण त्यावरची शाई उडून गेलेली. मी प्रत्येकाची लांबी मोजली, दोन्ही टोकांना काय आहे ते वहीत लिहिलं, फोटो काढले. एवढी एकच गोष्ट मी पहिल्यापासून नीट केली. बावीस तुकड्यांना पुढे जागा मिळाली. तेविसावा वीतभर लांबीचा होता, एका टोकाला आकडा, मध्ये वितळून कडक झालेलं रबर. सुटा भाग असेल म्हणून मी तो बटणांच्या डब्यात टाकला.

लाकडी अंगाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. न्हाणीघरातल्या टबात तरंगवून पाहिली, एका स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपत होतं, ते बुजवलं. डोलकाठीने मात्र वेळ खाल्ला. ती स्प्रूस नावाच्या लाकडाची, हलकी आणि सरळ धाग्याची, पण मधोमध डावीकडे इंचभर झुकलेली. दोन खुर्च्यांवर ती आडवी ठेवली, फुगवटा वर, त्यावर गरम ओल्या टॉवेलची गुंडाळी आणि खाली दोन लिटर पाण्याची बाटली टांगलेली. तीन रात्रींत अर्धा बाक गेला. उरलेला अर्धा कसा घालवायचा हे कळायला, तो आला कसा हे आधी कळावं लागलं. डाव्या बाजूच्या ताणाची तार उजव्यापेक्षा अर्ध्या सेंटीमीटरने आखूड होती. कुणीतरी एकदा ती तुटल्यावर घाईत बदलली असणार, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं ती काठी एका बाजूने ओढली जात होती.

हे ताण म्हणजे डोलकाठीला दोन्ही बाजूंनी, पुढून आणि मागून धरून ठेवणाऱ्या तारा. मोबाइलच्या टॉवरला असतात तसेच. जुन्या तारा वरून बऱ्या दिसत होत्या, पण वाकवल्या की आतून गंजाची पूड पडायची. मासेमारीच्या दुकानात मिळते ती सात पदरी स्टेनलेस तार घेतली. प्रत्येक टोकाला तार वळवून, पितळी नळीच्या छोट्या तुकड्यात दाबून कडी केली. पहिल्या चार कड्या ओढल्यावर सुटल्या. नळी पकडीने नुसती चेपून चालत नाही, तारेचं टोक परत एकदा वळवून नळीत घालावं लागतं.

एक चूक इथेच सांगून टाकते. तारा बदलायच्या उत्साहात मी पितळी कप्प्या आणि आकडे काढले आणि चिंचेत भिजवले. आई देवाची भांडी घासते तसे लख्ख घासले. सोन्यासारखे दिसले! नंतर तळ्यावरच्या आजोबांनी ते पाहून नुसता सुस्कारा सोडला. सत्तर-ऐंशी वर्षांत पितळेवर चढलेला तपकिरी रंग मी अर्ध्या तासात उतरवला होता. उरलेल्या निम्म्या आकड्यांना मग मी हात लावला नाही. त्यामुळे आता बोटीची उजवी बाजू नवरीसारखी आणि डावी बाजू आजीसारखी दिसते.

शिडांकडे वळले तेव्हा पहिल्यांदा वाटलं की इथे मला काहीतरी येतंय. आईने पंचवीस वर्षं लोकांचे ब्लाऊज शिवले. मी कॅमेऱ्यासमोर शीड धरलं आणि म्हटलं, आई, हे धुऊ का?

"आधी उभा धागा कुठला ते बघ," ती म्हणाली. "मागच्या कडेला आहे ना? मग पुढची कड उरेब झाली. म्हणून तिथं पट्टी लावलीय बघ. ती उसवू नकोस हं, नाहीतर सगळं वेडंवाकडं ताणेल."

मी थक्क झाले. शिडाची मागची कड मोकळी असते, तिला धरायला काही नसतं, म्हणून कापडाचा न ताणणारा उभा धागा तिथे ठेवायचा. डोलकाठीकडची कड मग आपोआप तिरपी कापली जाते, आणि ती ताणू नये म्हणून तिला सुती फीत शिवायची. हे मी इंग्रजी पुस्तकात दोनदा वाचून मला समजलं नव्हतं. आईने बोट आयुष्यात पाहिली नव्हती, पण बाहीचा घेर कुठे लोंबतो हे तिला माहीत होतं.

कापड बारीक विणीचं इजिप्शियन सुती होतं. थंड पाण्यात सौम्य साबण, रात्रभर भिजवणं, चोळायचं नाही, पिळायचं नाही. गंजाच्या डागांवर लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवलं. गोसपोर्टचं ऊन ते, तीन दिवस वाट पाहिली. डाग फिके झाले. बुरशीचे काळे ठिपके गेले नाहीत. ब्लीचने गेले असते, पण कापडाचा जीवही गेला असता. ठिपके राहू दिले.

मग दोऱ्या. इथे मी सगळ्यांत जास्त वेळा आपटले.

आधी घरात होती म्हणून नायलॉनची दोरी वापरली. दिसायला चकचकीत, गाठ मारायला गुळगुळीत, आणि ताण आला की रबरासारखी लांबणारी. बूम म्हणजे शिडाची खालची आडवी काठी. ती किती बाहेर जावी हे दोरी ठरवते. टेबलावर मी ती बोटभर अंतराने ठरवायची आणि पंखा लावला की ती चार बोटं बाहेर. म्हणजे बोटीला मी एक सांगत होते आणि ती दुसरंच ऐकत होती.

मग वाटलं, जुनी बोट आहे, जुनंच वापरावं. सुती विणलेली दोरी आणली, मेणावरून ओढली, सगळं नव्याने बांधलं. छान घट्ट. तळ्यावर पहिल्यांदा नुसती भिजवायला नेली आणि वीस मिनिटांत दोऱ्या तारेसारख्या कडक. सुती दोरी ओली झाली की फुगते आणि आखडते. ओल्या सुतळीची गाठ दातांनीही सुटत नाही हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण ते ज्ञान स्वयंपाकघरातून बोटीपर्यंत पोचायला एवढा वेळ लागला. शिडाला वर ओढून धरणाऱ्या दोरीने तर डोलकाठीचं टोकच वाकवलं. मी सरळ केलेली काठी! घाबरून कात्री घेऊन ती दोरी कापली.

शेवटी पॉलिएस्टरची विणलेली दोरी. ताणत नाही, आखडत नाही, पाणी पीत नाही. फक्त ती पांढरीशुभ्र, आणि पिवळट शिडांशेजारी परीटघडीच्या शर्टासारखी दिसते. म्हणून मी कडक चहा करून त्यात ती रात्रभर बुडवली. सकाळी दोरी पांढरीच आणि चहा वाया. पॉलिएस्टरला चहा लागत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मग फिकट तपकिरी रंगाची मागवली.

दोरी घट्ट-सैल करायला गाठ सोडत बसत नाहीत. त्यासाठी बाउझी नावाची तीन भोकांची चपटी पट्टी असते, नखाएवढी. दोरी भोकांतून वळवून घेतली की पट्टी सरकवता येते, आणि ताण आला की ती तिरकी होऊन स्वतःलाच अडकवते. तंबूच्या दोरीला लाकडी तुकडा असतो तीच युक्ती. जुन्यांपैकी सहा फुटल्या होत्या. नव्या मी भाजी चिरायच्या प्लास्टिकच्या फळीतून कापल्या. सुबक झाल्या, पण ते प्लास्टिक इतकं निसरडं की ताण आला की सर्रकन घसरायच्या. दुसऱ्या खेपेला एका मोडक्या जाड कंगव्याच्या पाठीतून कापल्या. त्या आजतागायत जागच्या हललेल्या नाहीत.

आता बोटीच्या मागच्या भागाकडे. सुकाणूच्या दांड्यावर चतकोर भाकरीच्या आकाराचा पितळी तुकडा बसवलेला होता, कडेने भोकं पाडलेला. याला ब्रेन गियर म्हणतात. मी आधी मेंदू असाच अर्थ घेतला, आणि तो शोभूनही दिसत होता. पण ते आडनाव निघालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज ब्रेन नावाच्या इंग्रजाने ही युक्ती काढली.

युक्ती अशी. वारा मागून किंवा बाजूने असला की मोठं शीड बोटीचं नाक वाऱ्याकडे फिरवू पाहतं. झोत जितका मोठा तितकी ही ओढ जास्त. पण त्याच झोताने बूमही जास्त जोराने बाहेर ढकलली जाते. मग बूमची दोरी डेकवर न बांधता कप्पीतून नेऊन त्या चतकोराला बांधा. बूमने ओढ दिली की सुकाणू वळेल, आणि बोटीला परत मार्गावर आणेल. म्हणजे ज्या जोराने बोट बिघडते त्याच जोराने ती सुधारते. वारा पडला की चतकोराला मधोमध आणायला समोरून एक रबर ताणलेलं. हे कळलं त्या रात्री मी जागीच राहिले. एकाही बॅटरीशिवाय! दोऱ्यांचा आकडा चतकोराच्या कोणत्या भोकात घालायचा आणि रबर किती ताणायचं, यावर सगळा खेळ. दांड्यापासून लांबचं भोक घेतलं तर तेवढ्याच ओढीत जोर जास्त मिळतो.

वाऱ्याच्या अंगावर जाताना मात्र हे सगळं नको असतं. तेव्हा दुसरी आखूड दोरी बूमला डेकवरच्या आडव्या पितळी दांडीशी बांधते आणि सुकाणू मधोमध गप्प बसतं. म्हणजे एकाच बूमला दोऱ्यांचे दोन संच, आणि एका वेळी एकच कामाचा. माझ्या पिशवीत दोन्ही संच एकमेकांत अडकलेले होते. म्हणून मला वाटत होतं की चार दोऱ्या जास्तीच्या आहेत!

जोडणी झाल्यावर टेबलावरच परीक्षा घेतली. बूम हाताने उजवीकडे ओढली, म्हणजे वारा डावीकडून आहे असं धरलं. बोट वाऱ्यापासून दूर, उजवीकडे वळायला हवी. सुकाणू नेमकं उलटं गेलं. दोन दोऱ्यांची अदलाबदल झाली होती. अशीच पाण्यात सोडली असती तर प्रत्येक झोताला ती अजून जोरात चुकली असती.

डेक घासून नवं व्हार्निश लावायचं ठरवलं होतं. सँडपेपर हातात घेतला आणि टेबललॅम्पचा उजेड तिरपा पडला म्हणून दिसलं. बूमवर पेन्सिलीच्या बारीक रेघा, एकपासून सातपर्यंत आकडे. डेकवर, डोलकाठी पुढे-मागे सरकवायच्या खाचेशेजारी तशाच खुणा, एकीभोवती गोल. चतकोराच्या भोकांपाशी टोकदार काहीतरी घेऊन कोरलेली अक्षरं. मी सगळा सँडपेपर परत कपाटात ठेवला. कुठल्या वाऱ्याला कुठलं भोक हे त्या माणसाने, किंवा बाईने, किती रविवार काठावर उभं राहून शोधलं असेल. मी डोलकाठी गोल केलेल्या खुणेवर बसवली आणि बूमची दोरी तीनवर. का, ते माहीत नव्हतं. पण त्याला माहीत असणार.

एप्रिलमधल्या एका रविवारी तळ्यावर गेले. तिथे नेहमी येणारे एक आजोबा आहेत, वय ऐंशीच्या पुढे, हातात टोकाला रबराचं बोंडूक लावलेली लांब काठी. काठावर आलेली बोट त्या काठीने वळवून परत सोडतात. आम्ही ओळख करून घेतली. मी महाराष्ट्रातली म्हटल्यावर त्यांनी समुद्राकडे हात केला. लहानपणी ते त्या बंदरात एक जुनं शिडाचं जहाज बघत असत, मुंबईत बांधलेलं. १८१७ साली वाडियांच्या हाताखाली सागवानात उभं राहिलेलं 'त्रिंकोमाली'. १९८०च्या दशकापर्यंत ते 'फूद्रोयाँ' या नावाने पोर्टस्मथच्या बंदरात प्रशिक्षणासाठी उभं होतं, आता हार्टलपूलला त्याच्या मूळ नावाने दुरुस्त होऊन आहे. "त्या जहाजाच्या दोऱ्या लावायला किती माणसं लागली असतील," ते म्हणाले आणि माझ्या बोटीकडे पाहून हसले.

शर्यतीत वाऱ्याच्या अंगावर जाण्याचे तीन गुण आणि वाऱ्याबरोबर येण्याचे दोन, हेही त्यांनीच सांगितलं. अंगावर जाणं अवघड म्हणून एक जास्त. तळ्याचा इतिहास त्यांना तोंडपाठ. १९३५च्या शर्यतींना नॉर्वेचे सॅम बेर्गे सुकाणूला वाऱ्याचं पातं जोडलेली बोट घेऊन आले आणि त्यानंतर ब्रेन गियरचे दिवस भरत आले, हे त्यांनी घरातली गोष्ट सांगावी तसं सांगितलं.

मी बोट सोडली. ती कलली, पाणी कापत निघाली, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. सरळ! पेन्सिलीच्या तीनवर ती रुळावरून जावी तशी गेली. आणि जातच राहिली. समोरच्या काठावर जाऊन थडकली. मी तळ्याला अर्धी फेरी मारून धावत गेले, वळवून सोडली. ती या काठाला येऊन थडकली. मी पुन्हा धावत. असं पाच वेळा झाल्यावर मी वाकून गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिले, तेव्हा आजोबांनी शांतपणे विचारलं ते मला असं ऐकू आलं: "तुझी गाय कुठे आहे?"

गाय?

त्यांच्या भाषेत त्या दोरीला खरंच गाय असंच म्हणतात. बूमपासून डेकच्या एका कडेपर्यंत रबर घातलेली एक छोटी दोरी. बोट एका अंगाने जात असली की रबर बूमला वाऱ्याच्या बाजूला ओढून धरतं. थोडं अंतर गेल्यावर बोटीचं नाक हळूहळू वाऱ्यात शिरतं, वारा दुसऱ्या अंगावर येतो, आणि मग रबर सैल पडतं. म्हणजे बोट थोडी पुढे जाते आणि आपणहून वळून सोडणाऱ्याच्या काठाला परत येते.

बटणांचा डबा.

आठवडाभरात तेविसाव्या तुकड्याला नवं रबर मिळालं. बाजारात शोधायला लागलं नाही, बाळाच्या झबल्याला घालतात ते बारीक गोल इलॅस्टिक घरात होतं. त्याचा जुना आकडा मी घासला नाही.

पुढच्या रविवारी गाय लावून बोट सोडली. दहा-बारा मीटर गेली, मग तिचं नाक वाऱ्याकडे वळू लागलं. शिडं फडफडली, क्षणभर ती जागीच उभी राहिली, कुठे जायचं ते विसरल्यासारखी. मग पुढचं शीड दुसऱ्या बाजूने भरलं आणि ती माझ्याकडे तोंड करून निघाली. मी मोठ्याने ओरडले, "आली, आली, गाय आली!" आजोबांनी काय झालं म्हणून विचारलं. गाय म्हणजे आमच्याकडे काय, आणि ती संध्याकाळी न सांगता घरी येते, हे मी त्यांना समजावत होते तेवढ्यात बोट काठाला लागली आणि त्यांनी काठीने अलगद फिरवून परत सोडली.

त्या खेपेला ती आली नाही. तळ्याच्या मध्यावर वारा पडला आणि ती बदकांच्या घोळक्यात शिडं लोंबवून उभी राहिली. आम्ही दोघं काठावर पाऊण तास वाऱ्याची वाट बघत बसलो. आजोबांनी थर्मासमधला चहा दिला.